बाईचं पथ्य

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं लोकांची लघवी उकळण्यात गेली. हे वाक्य मी चारचौघांत बोलले की माझी सून नाक मुरडते, पण त्याला सोवळं नेसवून सांगणं मला जमत नाही. मुकुटबनपासून पायी दीड तासावर एक सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, एक ओसरी, औषधांचं एक कपाट आणि मी. डॉक्टर महिन्यातून एकदा वणीहून जीपने येत, आणि पावसाळ्यात नाल्यांना पाणी आलं की तेही येत नसत. उरलेल्या दिवसांत दवाखाना म्हणजे मीच.

माझं माहेर बाभुळगावकडचं. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा मी शाळेत होते. गावातल्या विहिरीच्या पायऱ्या आमच्यासाठी नव्हत्या, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पुढं नागपूरला नर्सचं शिक्षण घेतलं आणि साठ सालच्या आसपास पांढरं पातळ नेसून इथं आले. लोक 'बाई' म्हणून हाक मारायचे, ओसरीवर बसायचे, मी दिलेलं औषध प्यायचे. मला त्याचं फार कौतुक होतं आणि ते कधीही काढून घेतलं जाईल अशी धास्तीही होती. त्यामुळं मी चुकायचंच नाही, असं ठरवून टाकलं होतं. माणसानं असं ठरवू नये, पण त्या वयात कोण सांगणार.

गरोदर बायांच्या लघवीच्या दोन तपासण्या मी करायची. पहिलीत लघवी भरलेली काचेची नळी वरच्या टोकाला दिव्यावर तापवायची. पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि आम्लाचे थेंब टाकूनही तसंच राहिलं, की लघवीत प्रथिन आहे, म्हणजे बाईच्या जिवाला धोका. दुसरी साखरेची. निळ्या औषधात आठ थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर ठीक. साखर असेल तर आधी हिरवं, मग पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी. बाया औषधाच्या रिकाम्या बाटलीत नमुना आणत, ओढणीखाली लपवून, आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवून ओसरीच्या टोकाला जाऊन बसत. त्यासाठी त्यांचं मन वळवायला मला वर्ष लागलं होतं.

सर्वांत आधी तयार झाला तो कोसभरावरचा तांडा. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं, आता स्थिर होऊन कापूस-ज्वारी पेरत होती. घरात त्यांची स्वतःची गोरबोली, बाहेर आमच्यासारखीच वऱ्हाडी. तिथली एक पन्नाशीची बाई होती. तिला तिची मुलं याडी म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. तिच्या थोरल्या मुलाची पहिली बायको बाळंतपणात अडून दोन दिवसांनी गेली होती. आता त्याची दुसरी बायको चौथ्या महिन्यात होती, आणि ही दुसरी सून जगली पाहिजे यासाठी याडी काहीही करायला तयार होती. तांड्यातली पहिली बाटली तिनंच आणली.

मी नळी उकळली. निळं औषध हिरवं झालं, मग हिरव्याला पिवळी झाक आली.

पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची, सडपातळ, तरतरीत. तिला काही होत नव्हतं. फक्त रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, एवढीच तक्रार. मी मनाशी जुळवून टाकलं: वारंवार लघवी, लघवीत साखर, म्हणजे मधुमेह. पुस्तकात तेच लिहिलेलं होतं. ते पान मला पाठ होतं, पुढचं नव्हतं.

आषाढ लागला होता आणि नाले भरले होते. डॉक्टर दोन महिने तरी येणार नव्हते. मी वाट पाहायला हवी होती, पण मी पथ्य सांगितलं. गूळ बंद, भात बंद, दूध बंद. सकाळी एक भाकर, संध्याकाळी अर्धी, सोबत पालेभाजी. मला वाटलं होतं याडी भांडेल, पोटुशीला उपाशी कसं ठेवायचं म्हणून मला सुनावेल. उलट तिचा चेहरा उजळला.

"आमची म्हतारी बी हेच सांगे, बाई. पोटुशीनं लय खाल्लं का लेकरू मोठं होते, अन मंग अडते. थोरलीले मी लय खाऊ घातलं व. म्हूनच गेली ते."

ती पहिली सून बाळाच्या आकारानं गेली की बाळ आडवं होतं म्हणून, हे आता कळायला मार्ग नव्हता. सरकारी बाई आपल्या म्हातारीच्या शब्दाला शब्द जुळवून बोलतेय, याचा याडीला आनंद झाला होता, आणि कोणीतरी माझं एका शब्दात ऐकतंय याचा मला. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींवर फार खूश होतो. पोरगी ओसरीच्या टोकाला बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

भादव्याच्या शेवटी डॉक्टर आले. मी रजिस्टर उघडून मोठ्या ऐटीत केस सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उपाशीपोटी तपासलंत?"

नाही तपासलं. पोरगी त्या दिवशी गूळ घातलेली आंबील पिऊन आली होती, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर बरे होते, ओरडले नाहीत. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी दोन मूत्रपिंडं काढली आणि समजावून सांगितलं. दिवस गेले की बाईच्या अंगात रक्त वाढतं, आणि त्यातलं बरंच मूत्रपिंडांकडे जातं. मूत्रपिंडं स्वतःही थोडी मोठी होतात. त्यांच्यापासून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात, उजवीकडची जास्त. पहिल्या काही महिन्यांतच ती नेहमीच्या जवळजवळ दीडपट रक्त गाळू लागतात, कारण आता आईचा आणि बाळाचा, दोघांचा कचरा त्यांनाच बाहेर टाकायचा असतो. गाळताना साखरही खाली उतरते आणि ती परत उचलून घ्यावी लागते. पण गाळणं इतकं वाढलेलं असतं की सगळी उचलली जात नाही, थोडी सुटते.

"कापूस एकदम फुटला म्हणजे वेचणाऱ्या बायांच्या हातून थोडा झाडावर राहतोच," ते म्हणाले. "म्हणून काय बाया आजारी आहेत म्हणायचं?"

आणखीही सांगितलं त्यांनी. गरोदर बाईच्या रक्तात युरिया आपल्यापेक्षा कमीच असतो. आपल्याला जो आकडा बरा, तो तिच्यात दिसला तर काळजी करायची. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत सगळं मुकाट पूर्ववत होतं. मी वहीत उतरवून घेत होते. मी ज्याला रोग म्हटलं होतं, ते त्या पोरीचं शरीर आपलं काम चोख करत असल्याचं लक्षण होतं.

पोरीला बोलावून त्यांनी उपाशीपोटीचा नमुना माझ्याकडूनच तपासून घेतला. निळा तो निळाच राहिला. खात्रीसाठी रक्तही घेतलं; त्यातली साखर अगदी योग्य असल्याचा निरोप पुढच्या खेपेला आला. "पोट भरून जेवू द्या तिला," ते म्हणाले. "आणि पायांवरच्या सुजेकडे, लघवीतल्या प्रथिनाकडे लक्ष ठेवा. तो खरा शत्रू." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले. तांड्यात जाऊन सांगायचं काम माझं होतं.

मी दुसऱ्या दिवशी गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. माझी चूक झाली. तिला साखरेचा रोग नव्हता. एवढंच म्हणायचं होतं, दोन वाक्यं. तांड्यात पोहोचले तर याडीच्या अंगणात दहा-बारा बाया कापसाच्या झोळ्या शिवत बसलेल्या. मला पाहताच याडीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली, "हे बाई नुसतं पाणी पाह्यते अन पोटातलं सांगते. अशी बाई नाई पाह्यली म्या." बाया माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. त्यातल्या दोघी पोटुश्या होत्या आणि अजून बाटली आणायला तयार नव्हत्या.

मी हिशेब केला. आता चुकले म्हटलं तर या दोघी कधीच येणार नाहीत. उद्या कुणाची नळी खरोखर दुधासारखी झाली तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? हा विचार खरा होता, पण त्याच्या आड दुसरा होता, तो जास्त खरा होता. विहिरीच्या पायऱ्यांपासून या अंगणापर्यंत 'बाई चुकत नाही' या ज्या भरवशावर मी आले होते, तो मला सोडवेना. आमच्यासारखीनं एकदा चुकलं की तिचं शिक्षण, तिची जात, तिचा धर्म, सगळंच चुकलेलं ठरतं, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं.

"साखर गेली," मी म्हणाले. "आता पथ्य बंद. तिला पोटभर जेवू द्या."

"पथ्यानंच गेली न, बाई?"

"हो," मी म्हणाले.

एक अक्षर. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

पोरगी बाळंत झाली ती दुपारी कामं करता करता, तासाभरात. बाळ साडेचार पौंडांचं. मी वजनकाट्याला झोळी अडकवून पाहिलं आणि वजन लिहून ठेवलं. बाळ बारकं होतं, पण दूध ओढत होतं, जगलं. याडीचा जीव भांड्यात पडला. तिनं मला घरी बोलावून लापशी वाढली आणि वर तुपाची धार सोडली. मी खाल्ली. चांगली झाली होती.

त्यानंतरची दोन वर्षं माझी स्वतःची होती. माझं लग्न झालं. यजमान मुकुटबनला शाळेत मास्तर. मला दिवस गेले तेव्हा चौथ्या महिन्यात मी माझीच नळी उकळली. हिरवी झाली. मला हसू आलं. मूत्रपिंडं जोरात कामाला लागली आहेत असं म्हणत मी नळी धुऊन ठेवली आणि घरी जाऊन सासूबाईंनी केलेले दोन डिंकाचे लाडू खाल्ले. मुलगा सात पौंडांचा झाला.

तांड्यातून बाटल्या यायच्या थांबल्या होत्या. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी बाळंतपण आणि पाळण्यात गुंतले होते. लसीकरणाच्या निमित्तानं तांड्यात गेले की तिथली नवी बाळं बारकी दिसायची. कुठे चार पौंड, कुठे पावणेपाच. मी कारणाच्या रकान्यात 'हिवताप' लिहायची, कधी 'अशक्तपणा'. एक बाळ आठव्या दिवशी गेलं, त्याच्यापुढंही तेच लिहिलं. हिवताप होताच त्या भागात, कोणी प्रश्न विचारला नसता. मीही विचारला नाही.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी याडी बैलगाडीतून धाकट्या मुलाच्या बायकोला घेऊन आली. पोरगी सातव्या महिन्यात होती आणि शेतात चक्कर येऊन पडली होती. मी पाय दाबून पाहिले, सूज नव्हती. नळी तापवली, पाणी स्वच्छ राहिलं. नाडी मात्र क्षीण होती, पापण्यांच्या आतला लाल रंग पार उडालेला, आणि दंड माझ्या चिमटीत मावेल एवढा.

"खाते काय ही?" मी विचारलं.

"पथ्यच हाय तिचं," याडी म्हणाली.

"कसलं पथ्य?"

मी थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. "तुमचंच व बाई. सकाळी एक भाकर, सांजेले अर्धी. गूळ नाई, दूध नाई. तांड्यात आता समद्या पोटुश्याईले आमी बाईचं पथ्यच देतो. एकबी अडली नाई तवापासून."

"साखर आहे का हे न बघताच?"

"पाह्यचं कायले? पथ्य केलं म्हंजे होतच नाई न साखर."

तिनं बोटांवर मोजून सांगितलं, कोणाकोणाला दिलं ते. पाच बाया. मला प्रत्येकीच्या बाळाचं वजन आठवत होतं, मीच लिहिलं होतं. पाचवी तिची स्वतःची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठव्या दिवशी गेलेलं बाळ तिचं.

मी खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर तिच्यासमोर. आणि सांगितलं. तुझ्या थोरल्या मुलाच्या त्या दुसऱ्या बायकोला रोग कधी नव्हताच. पोट वाढतं तशी मूत्रपिंडं जास्त गाळतात आणि थोडी साखर सुटते, ते चांगलं लक्षण आहे, मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तुझ्या अंगणात आले तेव्हा मला माहीत होतं, तरी मी खोटं बोलले.

"काहून?" तिनं विचारलं.

"लाज वाटली."

तिनं वळून सुनेकडे पाहिलं. सून डोळे मिटून बाकावर पडली होती. याडी म्हणाली, "आता हे तांड्यात येऊन तुमीच सांगा. मी सांगतलं त कोणी ऐकणार नाई. तुमच्या तोंडचं हाय ते."

सुनेला दवाखान्यात ठेवून, यजमानांना तिच्याजवळ बसवून आणि आमच्या घरून वरण-भाताचा डबा मागवून मी याडीबरोबर त्याच बैलगाडीतून तांड्यावर गेले. दिवस मावळायच्या आधी बाया शेतांतून परतल्या होत्या. याडीच्या अंगणातच त्या जमल्या, या वेळी वीसेक. मी उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मूत्रपिंडांचं सांगितलं, डॉक्टरांचं कापसाचं उदाहरण सांगितलं, पोटुशीनं जास्त खावं हे सांगितलं. कापसाचं त्यांना पटलेलं दिसलं, काही जणींनी माना हलवल्या. मला जरा धीर आला.

तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी बोलली. तिला मी ओळखत होते. तिच्या दोन सुनांनी माझं पथ्य पाळलं होतं आणि दोघींची बाळंतपणं सोपी झाली होती.

"तवा खोटं बोलली का आता बोलून राह्यली, आमाले कसं समजन?"

ती रागानं बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिक्षणाचा दाखला, डॉक्टरांचं नाव, रजिस्टरातली वजनं, यातलं काहीच तिच्या प्रश्नाला पुरणारं नव्हतं. बाया आपसांत कुजबुजू लागल्या. एक-दोन उठल्याही.

तेव्हा याडी उठली. ती माझ्याशी बोलली नाही, मराठीतही बोलली नाही. ती तिच्या माणसांशी गोरबोलीत बोलली, आणि इतक्या वर्षांत मला ती समजू लागली होती. ती म्हणाली, माझी लेक नवव्या महिन्यात रोज संध्याकाळी रडायची. भूक लागते म्हणायची. एक गुळाचा खडा दे म्हणायची. तिच्या हाताला लागू नये म्हणून मी गुळाचं मडकं शेजारणीच्या घरी नेऊन ठेवलं. लेकरू जन्मलं तेव्हा रडलं नाही, मांजराच्या पिल्लासारखं कुईकुई केलं. आठ दिवस मी त्याला कापसात गुंडाळून छातीशी धरून बसले. मला वाटलं होतं हिवताप आहे. बाईनंही हिवतापच लिहिलं.

ज्या शेजारणीकडे मडकं ठेवलं होतं, ती तोंडात पदर कोंबून रडू लागली. मला प्रश्न विचारणारी म्हातारी उठली आणि तिच्या तिसऱ्या सुनेला, जी पाचव्या महिन्यात होती, हाताला धरून आपल्या घरी चुलीपाशी घेऊन गेली. एकेक करून बाकीच्याही गेल्या.

मी अंगणाच्या मधोमध उभी होते. ते बोलायचं काम माझं होतं आणि ते तिनं केलं, तिच्या लेकीचं नाव घेऊन. मी याडीजवळ गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीवानाला म्हणाली, "बाईले दवाखान्यात नेऊन सोड. पोरीपाशी आपलं कोणी नाई."